खिडकीतून टाकलेला दुपट्टा

आर्वीच्या बसस्थानकावर मी अडीच वर्षं लोकांना न सांगता त्यांचं चित्रण केलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायची सवय जुनीच. शर्टाच्या खिशात मोबाइल उभा ठेवायचा, कॅमेरा खिशाच्या काठावर येईल असा, आणि शाळा भरेपर्यंत वर्तमानपत्र उघडून बाकावर बसायचं. माणसाला कळलं की तो केस सारखे करतो, पदर नीट घेतो, आणि मला हवं ते निघून जातं, असं मी मानत होतो.

मला हात हवे होते. एसटी फलाटाला लागायच्या आधीच आमच्याकडे खिडकीतून जागा धरतात. रुमाल, पिशवी, एकदा तर एकाने चप्पल टाकली होती. ज्याची वस्तू आधी पडली त्याची जागा. भांडणं होतात, पण हा नियम सगळे पाळतात.

त्यातला एक हात रोजचा होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बसस्थानकासमोर त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. वर्ध्याची नऊची गाडी आत वळली की खांद्यावरचा पांढरा दुपट्टा तो चौथ्या खिडकीतून आत टाकायचा. स्वतः चढायचा नाही. गाडी सुटता सुटता एक नोकरदार बाई धापा टाकत यायच्या, गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढायच्या, त्या जागेवर बसायच्या आणि दुपट्टा खिडकीतून परत द्यायच्या. तो खांद्यावर घेऊन हा दुकानात जायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. मी त्यांना नवरा-बायको समजलो. कुणाला विचारलं नाही.

पत्नी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आपण उशिरा पोहोचावं आणि कुणीतरी आपली जागा धरून ठेवलेली असावी, एवढंच मला त्या खिडकीकडे बघताना हवंसं वाटायचं. संध्याकाळी घरी ते चित्रण मी पुन्हा पुन्हा लावायचो.

त्याच ओढीने माझ्याकडून ते झालं. दुपट्टा देताघेताना दोघांची बोटं पापणी लवेपर्यंत एकाच कापडावर असत. मी तो क्षण संथ केला. ताणून बारा सेकंदांचा केला. आवाज काढून टाकला, गर्दी कापली. वर्ध्याच्या एका लहानशा हॉलमध्ये ती फिल्म दाखवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी त्या रात्री समाधानाने झोपलो. प्रेक्षकांतल्या कुणीतरी पडद्यावरून ते दृश्य मोबाइलमध्ये उतरवून घेतलं आणि आठवड्याभरात आर्वीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागलं. तेव्हा मला कळलं की ते नवरा-बायको नव्हते. दोघांचे संसार वेगवेगळे होते.

सोमवारी तो नेहमीसारखा फलाटावर आला. कंडक्टर दारातूनच ओरडला, "ओ काका, टाका ना दुपट्टा! हिरोईनची सीट बुक करा!"

"हळूच टाका बरं," मागून कुणीतरी म्हणालं, "स्लो मोशनमदी!"

फलाटभर हसू पसरलं. त्याने खांद्यावर नेलेला हात खाली घेतला आणि तो दुकानाकडे वळला. त्यानंतर तो कधी आला नाही.

बाई मात्र येत राहिल्या. चार दिवसांनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमीच काढला ना सर तो व्हिडिओ?"

"हो."

"माये गुडघे गेले म्हणून तो बिचारा जागा धरे. मी इतका वेळ हात धरून होती का त्याचा? खरं सांगा."

"नाही."

"मंग काऊन दाखवलं तसं?"

 उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, गाडी सुटत होती. मी मागोमाग चढलो. सगळ्या जागा भरल्या होत्या, ओळखीच्या एकाने उठून मला आपली दिली. मी उठून ती त्यांना देऊ केली. "बसा तुमीच," त्या म्हणाल्या आणि वाटेत खरांगण्याला उतरेस्तोवर दांडा धरून, कधी या पायावर तर कधी त्या पायावर भार देत उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी चित्रण केलं नाही. सकाळी बाकावर बसायचो तेवढं; बाई बहुतेक दिवस गाडीत दांडा धरून उभ्याच जाताना दिसायच्या. माफी मागायला दुकानात जायला मला दोन महिने लागले.

तो एका जुन्या मशीनच्या चाकात तेल सोडत होता. मला ओळखून म्हणाला, "या सर. आज काय आमची फिल्म काढून राह्यले का?" मी खिसा रिकामा करून मोबाइल त्याच्यासमोर ठेवला आणि पाठ केलेलं सगळं बोलू लागलो. त्याने मधेच थांबवलं.

"जाऊ द्या ना. पोरगा म्हणते जाऊ नका स्टँडवर, म्हणून नाई जात. तुमी चाय घ्या."

ठेल्यावरून चहा आला. त्याने दाराबाहेर पाहिलं. फलाट दिसत होता, गाड्या दिसत होत्या, पण आतली माणसं तिथून दिसत नव्हती.

"सर, तुमी तर रोजच बसता तिथं," तो आवाज उतरवून म्हणाला. "तिले जागा भेटते का?"

"भेटते."

"खिडकीपाशी?"

"हो. खिडकीपाशीच."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्याने माझ्या कपात ओतला.