भोकाभोकांचं तांबं पाहायला

कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरली, तेव्हा पिशवीत भडंग होतं आणि मनात संशय. आमच्या प्राजक्तानं स्वतःच लग्न ठरवलं होतं. मुलगा, सुमेध, पुण्याजवळ वाघोलीच्या कॉलेजात संशोधन करतो. काय करतो, तर धातूचा फेस. सूर्यात होतं तसं अणू जुळवून वीज करणाऱ्या भट्टीच्या भिंती थंड ठेवायला! मी उभी हयात ओतकामाच्या कारखान्यात माल तपासला. भोक दिसलं की नग बाद. आणि हा पठ्ठ्या मुद्दाम भोकं पाडतो. मी नको म्हटलं तर पोरगी ऐकेल हे मला ठाऊक होतं, म्हणून जास्तच धास्ती वाटत होती.

स्वारगेटला मिसळ मागवली. पोहे घातलेली, गोडसर. कट (वरचा तिखट रस्सा) मागितला, तर मालक म्हणाले, "आपल्याला मिसळ हवीय की शिक्षा?"

वाघोलीपर्यंत बस मुंगीच्या पावलांनी गेली. गेटवरच्या रखवालदाराकडे मुद्दाम सुमेधची चौकशी केली.

"रोज हितंच असतोय. काय करतोय ते त्यालाच म्हाईत," तो म्हणाला. माझा संशय वाढला.

सुमेध सडपातळ, नको इतका नम्र. त्यानं तांब्याचा तुकडा हातात दिला, पावासारखा जाळीदार. मी सवयीनं किल्लीनं वाजवला. आवाज बद्द. ही भोकं एकमेकांत उघडतात, त्यांतून सोडलेलं पाणी तांब्याला जागोजागी भिडतं आणि उष्णता झटकन ओढून नेतं, असं त्यानं समजावलं. पटलं. पण भोकांत लांबी (बुजवायचा लगदा) भरून, वर रंग मारून माल खपवणारेही मला असंच पटवायचे.

"चाचणीत टिकलं का?" मी विचारलं.

त्यानं कपाटातून काळवंडलेला तुकडा आणला. फेस खालच्या पत्र्यापासून सुटला होता.

"नाही टिकलं, काका. फेस पत्र्याला जोडणारी माझी झाळ कच्ची पडली. उद्या सरांना दाखवणार आहे. काम वर्षभर वाढेल, लग्नही पुढे जाईल. प्राजक्ताला अजून सांगितलेलं नाही, आज सांगतो."

मी तो तुकडा नखानं खरवडून पाहिला. सवय जात नाही.

मेव्हण्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघालो. माझा राग भोकांवर कमी आणि ती बुजवणाऱ्यांवर जास्त होता, हे एसटीत उमगलं.

प्राजक्ता दारातच होती. डोळे सुजलेले. सुमेधचा फोन येऊन गेला होता तर.

"पाहिलंत?" तिनं विचारलं.

"भोकं बरीच आहेत," मी चपला काढत म्हणालो. तिचा चेहरा उतरला.

"पण लांबी कुठंच भरलेली नाही. थांब वर्षभर."