ट्रेलरखाली गेलेले पाट

आधी नात उतरली, मग सूनबाई, मग माझा पोरगा. कारमागे झोपायचा ट्रेलर! इंदूरहून आले काल, मला तर लय आनंद झाला.

अंगणात ट्रेलर एका बाजूला कलला. त्याला टेकू दिलेल्या जॅकचे पाय ओल्या मातीत रुतून राहिले. मी विटा दिल्या, त्या फुटल्या.

"आई, रुंद लाकूड पाहिजे," म्हणत त्यानं जेवायला मांडलेले सागवानी पाटच खाली सरकवले.

"काहून रे, बसशील कशावर?"

"आम्ही ट्रेलरमध्येच जेवू, झोपू."

नात म्हणे, "दादी, अंदर एसी है ना!"

खिडकीतून वांग्याची भाजी देत राहिले मी. त्यांच्यासाठी घरात घातलेल्या गाद्यांवर एकटीच झोपले.

बायांनो, यांना घरी आले म्हणायचं का?

आज सकाळी गेले. चिखलानं भरलेले पाट आत्ताच धुतले. भाऊबीजेला परत येतो म्हणाले.