फक्त डावीकडे पेटणारा एलईडी

"डॅशबोर्डचे पिवळे बल्ब काढा, एलईडी टाका, पुन्हा बघायला नको!" असं याच ग्रुपवर कोणी लिहिलं होतं? त्या महाभागाने आधी पुढे यावं.

काल मी हौसेने बाईकला एलईडी टाकले. मीटर असा झगमगला की आज सकाळी उगाचच महाडहून पोलादपूरला निघालो. पेट्रोल पंपावरून हायवेला लागताना उजवा इंडिकेटर दिला आणि सुटलो. मागून जो येईल तो हॉर्न मारतोय, पण ओव्हरटेक कोणी करेना. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या.

पोलादपूर स्टँडसमोर एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"ओ भाऊ, महाडपासून उजवीकडे वळताय. वळायचं हाय का नाय?"

बघतो तर उजवा इंडिकेटर चालूच! मीटरवरचा त्याचा दिवा मात्र बंद.

तिथल्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी मीटर उघडला. "दोन्ही बाजूंना मिळून आत दिवा एकच हाय. डाव्याला करंट इकडून येतो, उजव्याला तिकडून. साध्या बल्बला कुठूनही चालतो, एलईडीला एकाच बाजूने. उलटा करून देतो, उजवा दिसेल."

"आणि डावा?"

"डावा मग नाय दिसणार. जुना बल्ब हाय का?"

जुना बल्ब मी कालच कचऱ्यात टाकला. वर त्याचा फोटो इथे टाकला, त्यावर तुम्ही सतरा जणांनी "एक नंबर" लिहिलंत.

सतरा जणांपैकी एकालाही कधी उजवीकडे वळायचं नसतं का रे?