आबांच्या नावाची मूठ

जुन्या सुरतेतलं ते घर अजूनही सुट्टीसाठी भाड्यानं मिळतं. फोनवर त्याचे फोटो आहेत. नक्षीचा दरवाजा, रंगीत काचांची गॅलरी, पितळी कड्यांचा झोपाळा. पाचव्या फोटोत झोपाळ्यामागे एक सागवानी खांब दिसतो, नव्यानं पॉलिश केलेला. राहून गेलेले लोक खाली लिहितात की फार शांत वाटलं, जुन्या काळात गेल्यासारखं वाटलं. ते वाचलं की माझं डोकं फिरतं.

तीन वर्षं त्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मालकीणबेन परदेशात. वरचा मजला त्यांनी पाहुण्यांसाठी सजवला होता, खालचा कुलूपबंद. पाहुणे यायच्या आधी चादरी बदलायच्या, त्यांना किल्ली द्यायची, गॅस कसा पेटवायचा ते दाखवायचं, ते गेले की केस अडकलेली मोरी साफ करायची. या कामाला मी घरी ‘मॅनेजर’ म्हणायचे. आई म्हणायची, ‘मॅनेजरबाई, आधी आपली मोरी घासा.’

आम्ही सुरतेच्याच बमरोलीत राहायचो, दोन खोल्यांत. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून तरुणपणी इकडे आले आणि लूमच्या, यंत्रमागांच्या, कारखान्यातच म्हातारे झाले. यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. पण लूमवरच्या माणसांना कानांची फार गरज नसते. ती एकमेकांचे ओठ वाचतात आणि यंत्र हातानं ओळखतात. आबा चालत्या लूमच्या चौकटीवर तळवा ठेवायचे आणि कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचे. कारागीर नंतर खोलून बघायचा, तर तेच निघायचं. आमच्या घरात पाठ फिरवून बोललेलं वाया जायचं. आबांना काही सांगायचं तर समोर बसून, तोंड नीट हलवून सांगायचं. आवाज नाही काढला तरी चालायचं.

आम्हा खानदेशी लोकांची कानबाई सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाला नथ घालतात, साडी नेसवतात, चौरंगावर मांडतात, दिवा लावतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. मधे तिला हलवायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मुठींनी मोजतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ. पोटातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा असला तरी त्याची मूठ पडते. मेलेल्याची तेवढी पडत नाही.

आमच्यात कानबाई दरवर्षी एकेका घरी बसते. मागे आमची पाळी आली तेव्हा अर्धी भाऊबंदकी जिन्यात उभी राहून जेवली होती. मोठे काका, म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ, सगळ्यांच्या देखत हसत म्हणाले होते की पुढच्या खेपेला कानबाईला बसायला पाट नको, खुंटी ठोका. आबांनी ते ऐकलं नव्हतं, पण ओठ वाचले होते. त्यांची मान खाली गेली ती मी पाहिली. म्हणून पुन्हा पाळी आली तेव्हा अक्कल मीच पाजळली. त्या रविवारी वरचा मजला रिकामा होता. मी सगळ्यांना सांगितलं, ‘मालकीणबेन स्वतःहून हो म्हणाल्यात.’ मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

विचारलं असतं तर उत्तर ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फोनवर बजावलं होतं, ‘उपर चार जणाथी वधारे नही, बेन.’ जुनं लाकूड आहे, चारापेक्षा जास्त माणसं नकोत, म्हणाल्या होत्या. त्यात त्या उन्हाळ्यात शेजारचं घर पाडून पायासाठी खोल खड्डा खणला होता. तेव्हापासून मागचं दार लागेनासं झालं. झोपाळा एका बाजूनं बोटभर खाली आला. मी त्या बाजूच्या गादीखाली घडी केलेला टॉवेल सारला आणि पाहुण्यांना म्हटलं, जुन्या वस्तू अशाच असतात.

कानबाईच्या आदल्या दिवशी आबा घर बघायला आले. चपला खाली काढून, पायऱ्या मोजल्यासारखे वर आले. काचांच्या रंगाकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ झोपाळ्यामागच्या खांबाशी गेले आणि तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसऱ्या खांबावर ठेवला, मग परत पहिल्यावर.

‘हाऊ खांब काहीच उचली नही ऱ्हायना,’ आबा म्हणाले. ‘नुसता उभा शे.’

मी त्यांच्यासमोर जाऊन तोंड हलवलं, ‘आबा, दोनशे वर्षं भार उचलून उभा आहे.’

त्यांनी हात काढला. माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मी हौसेनं मांडलेला चौरंग त्यांनी पाहिला होता. मला वाटतं, माझं मन मोडू नये म्हणून ते गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते घर हवं होतं. एक दिवस का होईना, मोठ्या काकांना त्या जिन्यानं वर येताना त्यांना बघायचं होतं.

काका आले. नक्षीच्या दरवाजाशी थबकले, वर बघत बघत आले आणि म्हणाले, ‘वा रे भाऊ!’ आबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मी विसरणार नाही. दुपारी गहू मोजले होते तेव्हा पहिली मूठ यजमान म्हणून त्यांचीच पडली होती. पुरण, खीर, लाल भोपळ्याची भाजी, सगळं स्वयंपाकघरातल्या छोट्याशा ओट्यावर आईनं आणि काकूंनी रांधलं. दिवेलागणीला आरती झाली. चाळीसएक माणसं होती. पाहुण्यांच्या त्या पांढऱ्या गाद्यांवर आमची पोरं उड्या मारत होती आणि मला गंमत वाटत होती.

आरतीनंतर बायकांनी फेर धरला. कानबाईपुढे नाचायचं म्हणजे जीव तोडून नाचायचं. जमिनीची फळी घुमायला लागली. झोपाळ्याच्या कड्या आपोआप किणकिणल्या. आबा खांबाशी उभे होते, तळवा खांबावर. मी समोर आरतीचं ताट घेऊन उभी होते.

तेवढ्यात आवाज आला. मोठा नव्हता. सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा, पण आत, खोल कुठेतरी. गाण्याच्या गलक्यात तो कुणाला समजला नाही. मला समजला. पायाखालची फळी किंचित खाली बसली आणि थांबली, तेही मला समजलं.

आबांनी हात उचलला. फेर तोडून ते पुढे आले आणि कानबाईचा चौरंग दोन्ही हातांनी उचलला.

गाणं तुटलं. मोठे काका ओरडले, ‘कानबाई बठेल शे! तिले हात लावू नको!’

आबांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं. ‘खाले चाला,’ ते म्हणाले. ‘समदा खाले चाला. आते.’ चौरंग घेऊन ते जिन्याकडे वळले आणि त्या वळणावर दिवा कलंडला. तेल त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. दिवा विझला.

कानबाईमागे सगळ्यांना जावंच लागलं. गल्लीत येऊन उभे राहिलो. आबांनी चौरंग समोरच्या घराच्या ओट्यावर ठेवला. आम्ही सगळे त्या घराकडे बघत होतो. घर उभं होतं. रंगीत काचांतून वरचा दिवा दिसत होता. काडी हलली नाही, माती पडली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीतरी हसलं.

‘बहिरा मानूसले काय आयकू उनं?’ मोठ्या काकांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. ‘पोरी, तू तठेच उभी व्हती. तुले काही आयकू उनं का?’

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. धोका होता तर घर दिलं कसं? मालकीणबेनना फोन लाव. खोटं उघडं पडलं असतं. मी म्हणाले, ‘नाही.’

काका आबांच्या समोर होते, तेव्हा प्रश्न त्यांनी वाचला होता. आबा माझे ओठ बघत होते.

त्या एका शब्दाचं मी काय काय केलं ते नंतर कळत गेलं. मालकीणबेनना गल्लीतल्या कुणीतरी गर्दीचं सांगितलं आणि माझ्या किल्ल्या गेल्या. किल्ल्या सोडताना मी त्यांना फोनवर खांबाचं सांगितलं. त्यांनी माणूस पाठवला. त्यानं भेगा बुजवल्या, खांबाला पॉलिश केलं, झोपाळा सरळ केला. भाऊबंदकीत वर्षभर जे जे वाईट झालं ते आमच्या दारात आलं. काकूचा पाय मोडला, विझलेला दिवा. चुलतभावाचं ठरलेलं लग्न मोडलं, विझलेला दिवा. कुणाची गाडी चोरीला गेली तरी तोच. मी एकदा म्हटलंसुद्धा, निदान चोरापुरतं तरी पोलिसांत जा.

पण या श्रावणात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पाळी धाकट्या चुलतकाकांकडे होती. आम्हाला बोलावणं नव्हतं. तरीही आई गेली, गहू मोजायला हात लावावा म्हणून. तासाभरात परत आली. पदर तोंडाला लावून बसली. सगळ्यांच्या मुठी पडल्या, म्हणाली. दोन महिन्यांच्या नातवाचीसुद्धा. आबांची पडली नाही.

आबा समोरच होते. त्यांनी आईचे ओठ वाचले आणि उठून मोरीत जाऊन हातपाय धुतले.

सोमवारी सकाळी मला म्हणाले, ‘चाल, कानबाई दखी येऊ. लांबथून.’ बमरोलीहून टेम्पोत घालून कानबाई तापीच्या घाटावर आणतात, त्या वाटेवर कुठेतरी उभं राहायचं. आम्ही बसनं गेलो. जुन्या शहरात उतरल्यावर आबा घाटाकडे न जाता त्या गल्लीत शिरले. मला नवल वाटलं नाही. वर्षभरात ते इथे बरेचदा येऊन गेले होते, मला माहीत होतं. शेजारच्या खड्ड्यात आता सिमेंटचे खांब उभे राहिले होते आणि यंत्र जमिनीत काहीतरी ठोकत होतं.

आबांनी घराच्या बाहेरच्या भिंतीवर तळवा ठेवला. डोळे मिटले.

‘आते जास्त दिवस नही,’ ते म्हणाले.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला तो आनंदच. पडू दे, वाटलं. पडू दे आणि सगळ्यांना कळू दे. काका येऊन बघू देत. आबांची मूठ परत टाकू देत. मी मान वर केली. गॅलरीच्या कठड्यावर दोन लहान फ्रॉक वाळत होते, एक पिवळा, एक निळा. आतून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता.

मी धावत जाऊन दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ आले, हातात टूथब्रश. मी हिंदीत सगळं सांगितलं, खांब, खड्डा, सगळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे भिंतीला हात लावून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. ‘हमें यहाँ कोई तकलीफ़ नहीं है,’ ते नम्रपणे म्हणाले. ‘वैसे भी ग्यारह बजे निकल रहे हैं.’ दार बंद झालं. मी नव्या किल्लीवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमची नोकरी गेली म्हणून जळू नका. मालकीणबेननी फोन उचलला नाही.

मी आबांना सगळं तोंड हलवून सांगितलं. त्यांनी फ्रॉक पाहिले.

‘मन्ही मूठ गयी तं गयी,’ ते वर बघत म्हणाले. मला म्हणाले की कानबाईला, ठाऊक नाही. ‘हाई अकरापावत उभं ऱ्हाऊ दे.’

ते समोरच्या ओट्यावर बसले. मागच्या वर्षी चौरंग ठेवला होता तोच ओटा. मीही बसले. घाटावर जायचं राहिलं. ठोकणाऱ्या यंत्राचा प्रत्येक ठोका ओट्यातून वर येत होता, आणि वर पोरी झोपाळ्यावर होत्या. थोड्या वेळानं लांबून ढोल ऐकू आले. कुणाची तरी कानबाई चालली होती, आमचीही असेल. आबांना ते कळलं नाही.

मग मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले. आबा, मी ऐकलं होतं. त्या दिवशी मी ऐकलं होतं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच, खांबावरचा.

‘माले ठाऊक शे,’ ते म्हणाले. ‘मी खांबकडे नही, तुन्हाकडे दखी ऱ्हायंतू. तुन्हं तोंड दखं, म्हनीसन तं कानबाई उचली.’

मी उठून त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. त्यांनी हात काढला आणि पुन्हा गॅलरीकडे नजर लावली.

‘कितला वाजनात?’ त्यांनी विचारलं.

साडेनऊ झाले होते.