रडू नको, दूध आटेल

आमची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. नगरच्या एका रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकातल्या नळीतून तिला आईचं दूध द्यायचं होतं. वरचं दूध तिच्या आतड्यांना सोसेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि बायकोला दूध येत नव्हतं.

पेट्यांच्या कक्षाला लागून एक लहान खोली होती. बाळंतिणी तिथे बसून स्टीलच्या वाटीत दूध काढत. दाराला पडदा होता. मी बाहेरच्या बाकावर असायचो, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू यायचं.

माझी आई कर्जतहून आली होती. अळिवाची खीर घेऊन ती पडद्याशी उभी राहायची आणि सुनेला बजावायची, "रडू नको गं बाई. रडलीस की दूध आटतं." भेटायला येणारी प्रत्येक बाई हेच सांगे. पुरुष म्हणत, टेन्शन घेऊ नका. मीही म्हणालो. बायको रडली नाही. बाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही नाही. वाटीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. सुरुवातीला मी विचारायचो, "आलं?" पुढे विचारणं सोडलं. बाहेर येताना ती वाटी तिरपी करून दाखवायची. आमच्यात एवढंच बोलणं उरलं होतं.

तिच्याशेजारी राजूरकडची एक बाई बसायची. तिचा मुलगा आमच्या मुलीच्या बाजूच्या पेटीत होता. तिची वाटी भरून जायची.

"ताई, तुमी वाटीकडं बघूच नका," ती एकदा म्हणाली. "आमची म्हैस बी कोनी टक लावून बघितलं का पान्हा चोरती."

"मग कुठे बघू?"

"सासूकडं बघा. न्हाईतर नकोच, हाय त्येबी आटंल."

दोघी हसल्या. त्या दिवसांत बायकोचं हसणं मी तेवढंच ऐकलं.

बाजूच्या पेटीतल्या त्या मुलाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. एका सकाळी सिस्टरने त्याच्या आईला दूध काढता काढता उठवून आत नेलं. थोड्या वेळाने किंकाळी ऐकू आली. बाकावरचे सगळे उभे राहिले. आवाज कोणाचा, हे कळलं नाही. प्रत्येकाने आपलंच बाळ गेलं असं धरलं. मग राजूरच्या बाईचा नवरा भिंतीला टेकत खाली बसला.

पडद्याआड बायको रडू लागली. मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. आई घाईने उठली, "अगं, गप, दूध..." मी आईचा हात धरून तिला खाली बसवलं.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. डोळे सुजले होते. हातातली वाटी निम्म्याच्या वर भरली होती. ती तिने मला दाखवली नाही.

सिस्टरच्या टेबलाकडे जायला वाट एकच होती. त्या वाटेवर राजूरची बाई बसली होती. मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मूल, आणि तिचा पदर पुढून ओला झालेला. बायको थबकली. तिने वाटीवर पदर ओढला.

"झाकू नका, ताई," ती बाई म्हणाली. "सांडंल."

नळीतून दूध उतरताना मी काचेतून पाहत होतो. मुलीला पहिल्यांदाच पुरेसं दूध मिळत होतं. बायको तिच्याकडे पाहत नव्हती. बाजूची पेटी आया पुसत होती. बायकोची नजर तिकडे होती.