सांडोरच्या मालनबाईंची सुकेळी

मालनबाईंविषयी लिहायला बसलो खरा, पण त्यांचं माहेर कुठलं हेसुद्धा मला ठाऊक नाही. अकरा वर्षं दर हिवाळ्यात मी विरारहून सांडोरला त्यांच्याकडे सुकेळी आणायला जात होतो. एका खेपेला फार तर अर्धा तास बसत असेन. तेवढ्यात माणूस किती कळणार? त्या गेल्याचं त्यांच्या मुलाने, धवलने, फोनवर सांगितलं, तेव्हाही मी नुसतं "अरेरे" म्हणालो. नंतर वाटलं, एक गोष्ट तरी लिहून ठेवावी. ती माझ्या चुकीची आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. धवल माझा विद्यार्थी. त्याच्यामुळेच ही ओळख.

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. ऐकायला सोपं वाटतं. मालनबाई घड अढीत पिकवत, केळी सोलत आणि वाडीतल्या उंच मांडवावर एकेक मांडत. दिवसभर कावळे आणि माश्या हाकायच्या, दुपारी प्रत्येक केळं उलटायचं. ऊन उतरलं की सगळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून टोपलीत दाबून ठेवायची, म्हणजे त्यांना पाझर सुटतो. सकाळी पुन्हा मांडवावर. असं सात-आठ दिवस. शेवटी मधाच्या रंगाची, बोटांना चिकटणारी सुकेळी तयार होत. साखरेचा कणही घातलेला नसे. शिडी उतरल्यावर मालनबाई आधी गुडघे धरून उभ्या राहत, मग माझ्याशी बोलत.

एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, वाळवण्याबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"पाणी निघून जातं. पदार्थ तोच राहतो. याला भौतिक बदल म्हणतात."

"पदार्थ तोच? मग यावर पाणी घाला आणि मला केळं करून दाखवा."

धवल हसला. "सर, आई तुम्हाला नापास करणार."

मीही हसलो. पुडीचे पैसे दिले आणि निघालो.

दोन वर्षांपूर्वी धवलने वाळवण्याचं यंत्र आणलं. कपाटाएवढं, आत गरम हवा फिरणारं. त्याचंही काही चुकत नव्हतं. वाडीशेजारी इमारतींचं काम निघालं होतं आणि सिमेंटची धूळ मांडवावर बसत होती. आईचे गुडघे तर पार गेले होते. मांडव काढून टाकावा असं त्याला वाटत होतं. मालनबाईंना तो हवा होता. मांडव गेला की त्यांच्या हातचं काम संपणार होतं. मी पोचलो तेव्हा मायलेकांत हाच वाद चालला होता.

"चढायचं नाही, उलटायचं नाही," धवल म्हणाला. "दीड दिवसात माल तयार. तू आराम कर ना."

"आराम करून करून माणूस आडवा होतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही सांगा याला. तुमचं ऐकेल."

दोघांच्या मध्ये पडायची मला भीती वाटली. अशा वेळी मी वर्गातलं बोलतो. "शेवटी पाणीच काढायचं आहे," मी म्हणालो. "उन्हाने काढा की यंत्राने. फरक पडू नये."

"ऐकलंस?" धवल म्हणाला.

मालनबाई वळल्या. आत जाऊन माझी पुडी बांधून घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात धवलने मांडव उतरवला.

त्याच हंगामात यंत्रातली सुकेळी मी घरी आणली. फिकट होती, चामड्यासारखी. माझ्या पत्नीने, सरोजिनीने, एक खाल्लं आणि पुडी पुन्हा बांधली. "गोड आहे," ती म्हणाली, "पण हे ते नव्हे." तेव्हा कुठे मी पुस्तकं काढली, एका प्राध्यापकांना विचारलं. उन्हात संथपणे वाळताना केळ्यातल्या उरल्यासुरल्या पिठाची साखर होत राहते, नवा रंग आणि नवा वास तयार होतो. यंत्राच्या कढत हवेत त्याला वेळच मिळत नाही. पाणी जातं हे खरं, पण सोबत रासायनिक बदलही चाललेला असतो. एकतीस वर्षं मी फळ्यावर भौतिक आणि रासायनिक बदलांचे दोन रकाने आखले आणि वाळवणं डोळे झाकून पहिल्यात लिहिलं.

हे सांगायला जायला मला पाच महिने लागले.

मालनबाई ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात काही काम नव्हतं. मी सगळं सांगितलं, जरा जास्तच लांबवून.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माझे गुडघे दिसले, म्हणून तसं बोललात."

तेवढंही माझ्या मनात आलं नव्हतं. ते मात्र मी सांगितलं नाही. धवलशी बोलतो, मांडव पुन्हा घालता येईल, असं काहीतरी म्हणालो.

"बांबू तोंडलीच्या वेलांना गेले, मास्तर. आणि आता माझ्याने शिडी व्हायची नाही. पाच महिन्यांपूर्वी झाली असती."

मी उठलो.

"बस कितीची?"

"पावणेपाचची असते बहुतेक."

"ती हल्ली येत नाही. सव्वापाचची धरा. बसा तोवर."

"नको, नाक्यावर थांबतो."

"बरं. जाताना फाटक ओढून घ्या, शेळ्या शिरतात."