माईकला पदर

जानेफळच्या बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या जानरावाला आपल्या कानाचा भारी अभिमान. सायकल अजून वळणावरच असायची आणि हा आपला दुकानातून म्हणायचा, ‘मागच्या चाकाची तार ढिली हाय.’ बघावं तर खरंच ढिली. एकदा उकंडराव पाटलांची नवीकोरी सायकल त्यानं नुसती ऐकून परत पाठवली, ‘पह्यले साखळीले तेल द्या, मंग पाहू.’ पाटील रुसले, बोलेनात, आणि शेवटी तेल देऊनच आले. अशा कानाच्या माणसासमोर भाड्याच्या भोंग्यानं त्याच्याच बायकोचा आवाज नासवला, तेव्हा त्याला किती लागलं असेल ते बघा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात वीज यायची होती. भीमजयंतीला भोंगा, मशीन, बॅटरी सगळं तालुक्याहून गाडीत घालून आणायचं. बनाबाई, म्हणजे जानरावाची बायको, ही वस्तीतली गाणारी. ती माईकसमोर उभी राहिली, पहिल्या ओळीत ‘भीम’ म्हणाली, आणि भोंग्यातून निघालं ‘भुम्म’. पुन्हा म्हणाली, पुन्हा ‘भुम्म’. जयंतीच्या गाण्यात तो शब्द तर ओळीओळीला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बाई गाऊन राह्यली का सुरुंग लावून राह्यली?’ लोक हसले. बनाबाई मधेच थांबली आणि घरी निघून गेली.

जानरावानं समजूत काढली, तर म्हणाली, ‘माह्यावर हसले त्याचं काही नाई. पण ज्या मशिनीतून नाव धड निंघत नाई, तिच्यात मी गात नसते.’

आणि ती बधली नाही. लग्नात गायची, बारशाला गायची, पण माईकचं नाव काढलं की उठून जायची. जानरावाच्या डोक्यात मग एकच गोष्ट बसली. नाव नीट सांगणारा माईक शोधायचा, आणि पुढल्या जयंतीला बनाबाईला त्याच्यासमोर उभं करायचं.

वस्तीनं वर्गणी केली. गावाचा स्वतःचा सेट घ्यायचा ठरलं. पंचमंडळींत शेषराव सगळ्यांत वडील. त्यांनी बजावलं, ‘जानराव, भोंगे दोन आणजो. पार तिकडं सुलतानपुरात ऐकू गेलं पाह्यजे.’

‘मामा, भोंगा नुसता फेकते. माईकनं जे घेतलं तेच फेकते.’

‘तू शिकवू नको बे. दोन आणजो.’

जानराव, ढोलकी वाजवणारा सहदेव आणि बनाबाई असे तिघं एस.टी.नं खामगावला गेले. बनाबाई लुगडं घ्यायच्या नावाखाली आली होती. माईकच्या दुकानात ती दारापाशी स्टुलावर बसली आणि आपला काही संबंध नाही अशी रस्त्याकडे बघत राहिली.

दुकानदार शेठ बोलका होता. त्यानं आधी कपाटातून एक जड माईक काढला. ‘हा रेडिओवाले वापरतात तसला. याच्यासमोर खोकलं तरी गोड वाटते.’ किंमत ऐकून सहदेव म्हणाला, ‘मंग खोकणं आपल्याले परवडत नाई.’ माईक कपाटात परत गेला.

राहिले दोन. एक चकाकणारा, स्वस्त. तो घेतला तर दोन भोंगे येत होते. दुसरा काळा, ओबडधोबड. तो घेतला तर भोंगा एकच. शेठनं मशीन लावलं. ‘बोला, हॅलो हॅलो.’

जानराव माईकपाशी तोंड नेऊन म्हणाला, ‘भाकर. भाऊ. फूल. भीम.’

‘अहो, सगळे हॅलो म्हणतात. तुम्ही भाकर काऊन म्हणता?’

‘हॅलोत काय हाय? हॅलो कोणालेबी जमते.’

चकाकणाऱ्यातून आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा यायचा. शिवाय शेठनं खरं ते सांगितलं, की याला ऊन सोसत नाही, चैतात मांडवात ठेवाल तर बिघडेल. काळ्यातून आवाज भरीव यायचा, माणसाचा वाटायचा. पण ‘भीम’ म्हटलं की त्यातही ‘भुम्म’. जानरावानं जवळून म्हणून पाहिलं, लांबून म्हणून पाहिलं. लांबून म्हटलं तर भुम्म जायचं, पण आवाजही जायचा. त्याचा चेहरा उतरला.

सहदेव म्हणाला, ‘वहिनी, तुमीच एक डाव म्हणून पाहा.’

‘मी गात नसते म्हणून सांगतलं ना.’

‘गाऊ नका. नुसतं नाव घ्या.’

नाव घ्यायला ती नाही कशी म्हणणार? उठली. दुकानात चार परके पुरुष उभे, म्हणून सवयीनं तोंडावर पदर घेतला आणि पदराआडूनच हलक्या आवाजात नाव घेतलं. भोंग्यातून ‘भीम’ निघालं. स्वच्छ, गोल.

जानराव म्हणाला, ‘पदर काढ.’ तिनं काढला. भुम्म. ‘घे.’ घेतला. भीम. शेठनं आपला रुमाल पुढं केला, पण तो जाड, आवाज गोधडीत गेल्यासारखा झाला. बनाबाईचं धुऊन धुऊन विरलेलं लुगडं तेवढं कामाचं. शेठ म्हणाला, ‘भ म्हटलं की तोंडातून हवा निघते, ती अडते हो कापडानं. मुंबईच्या स्टुडिओतबी कापड लावतात म्हणे.’ बनाबाई म्हणाली, ‘मंग त्यायच्याकडेबी कोणी लाजरी असंन.’

मशीन-बॅटरीसोबत काळा माईक घेतला, एक भोंगा घेतला. नवं लुगडं राहिलं. गावात शेषरावांनी सामानात दोनदा वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘दुसरा रस्त्यात पडला का?’

जयंतीच्या संध्याकाळी जानरावानं भोंगा निंबावर चढवला, वस्तीभर फिरून ऐकला, दोनदा वळवला. मग बनाबाईपाशी येऊन म्हणाला, ‘चाल. पदर घेजो तोंडावर, तसाच.’

ती जागची हलली नाही. ‘आज? आजच्या दिवशी मी तोंड झाकून गाऊ?’

‘पण मंग भुम्म निंघंन,’ जानराव म्हणाला.

‘लाज माईकले असंन तर पदर त्याले द्या,’ ती म्हणाली, आणि अंगावरच्या त्याच विरल्या लुगड्याचं टोक टरकन फाडून त्याच्या हातात दिलं.

जानराव दुकानाकडे पळाला. सायकलची तार वाकवून कडं केलं, त्यावर कापड ताणून बसवलं आणि ते माईकच्या पुढं चार बोटांवर बांधलं. पोरं म्हणाली, माईकची सून झाली. तो कुणाकडे न बघता मशीनपाशी बसला, बटणावर हात ठेवून, मान खाली घालून.

बनाबाई उघड्या तोंडानं उभी राहिली. पहिली ओळ आली. शब्द आला, आणि अख्ख्या वस्तीवर जसा तिच्या तोंडून निघाला तसाच पसरला. समोरून लोकांनी ‘जयभीम’ म्हणून उत्तर दिलं, तेव्हा कुठं जानरावानं मान वर केली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती गात होती, आणि ठरलेलं एक गाणं संपवून न विचारता दुसऱ्यात शिरली होती.

शेषराव मशीनपाशी येऊन बसले. बराच वेळ ऐकून म्हणाले, ‘पुढच्या सालीबी वर्गणी करू. दुसरा भोंगा घेऊ.’

‘दुसरा माईक घेऊ, मामा. तिकडं पाहा.’

मंचाच्या पायरीशी वस्तीतल्या गोजरबाई, सत्यभामाबाई आणि मागं बसलेल्या आणखी बाया उभ्या होत्या, पहिली कोण गाणार यावरून एकमेकींना ढकलत.